नाकापर्यंतचा नवरदेव

तेलुगू मुलखातल्या उटनूरच्या निम्म्या लग्नांच्या पत्रिका सुधाकररावांच्या छापखान्यात निघत, म्हणून पोटच्या पोरीची पत्रिका त्यांनी आधीच जुळवून ठेवली होती. मुहूर्त, मंडप, पाहुण्यांची नावं, सगळं कसं रांगेत. चंद्रभागाला नवरदेव पसंत आहे की नाही, एवढी किरकोळ बाब तेवढी शिल्लक होती. तिचा निकाल आज संध्याकाळी पाच वाजता लागायचा होता. मध्यस्थ उत्तमराव तेव्हा उत्तर न्यायला येणार होते.

पोरगा हैदराबादला कंप्युटरच्या कंपनीत. सन नव्याण्णवचा माणूस, त्यानं फोटो ई-मेलनं धाडला. पोस्टाला म्हणे चार दिवस लागतात.

छापखान्यामागच्या खोलीत चंद्रभागानं अकरा वाजता फोटो उघडायला घेतला. मोडेम किंचाळला, खाकरला, गप्प झाला. साडेबाराला पडद्यावर भिंत दिसू लागली. नुसती भिंत. एकला त्या भिंतीवर कॅलेंडर आलं.

"बुटका हाय का पोरगा?" जयवंताबाईंनी विचारलं.

"तो आलाच कुठं अजून, आई."

दोनला केस उगवले. सुधाकररावांनी छापखान्यातली पट्टी पडद्याला लावली. "तासाले दीड इंच. ह्या चालीनं हनुवटी सा वाजता."

"अन् उत्तर पाचले," चंद्रभागा म्हणाली. तिला केसांशी कर्तव्य नव्हतं. तिला त्याचं हसणं पाहायचं होतं. जन्मभर ज्याच्यासमोर बसायचं तो हसतो कसा, हे हो म्हणायच्या आधी कळावं, एवढीच तिची मागणी. ते न कळता पाच वाजले, तर वडील तिच्या वतीनं हो म्हणून मोकळे होणार होते.

मग सारं घर कामाला लागलं. सुधाकररावांनी कंप्युटरचं झाकण काढून त्याला टेबलफॅनचा वारा घातला. जयवंताबाईंनी घरातले सगळे दिवे बंद केले, म्हणजे वीज तिकडं जास्त जाईल. चंद्रभागाचे आजोबा बापूजी मात्र तारेचा माग काढत अंगणात गेले. खिडकीतून खांबापर्यंत गेलेल्या त्या तारेवर शेजारच्या मालनबाईंच्या दोन ओल्या गोधड्या होत्या.

"टेलिफोनच्या तारेवर काऊन वाळू घातल्या?"

"तार हाय म्हनून. तुमचं बोलनं ओलं होऊन राह्यलं का बापूजी?"

गोधड्या काढल्या आणि एकदम कपाळ आलं. पण खांबावरचा जोड सैल होता. लाइनमनला फोन करावा, तर फोनवर नवरदेव होता. सुधाकरराव सायकल मारत गेले आणि पोशेट्टीला मागं बसवून घेऊन आले.

पोशेट्टी खांबावर चढला, सुधाकररावांनी शिडी धरली, जयवंताबाईंनी कंप्युटरसमोर हात जोडले आणि बापूजी खोलीत खिडकीशी उभे राहून इकडचं तिकडं सांगू लागले. बापूजी निजामाच्या काळात उर्दू शिकलेले, घरात मराठी. तेलुगू त्यांना बाजारातल्या आकड्यांपुरती यायची. पोशेट्टीला तेलुगूशिवाय काही येत नव्हतं.

साडेचारला नाक आलं. चांगलं सरळ नाक होतं. चंद्रभागा खुर्चीच्या टोकावर सरकली.

"बापूजी, त्याले विचारा, अजून जोरात येईल का?"

बापूजींनी हातवारे करून विचारलं. खांबावरून आवाज आला, "मेल्लगा वस्तुंदि! आगंडि!"

"मेलं गा!" बापूजी ओरडले. "वस्तू मेली! आग लागली म्हन्ते!" आणि शाईचे हात धुवायची बादली उचलून त्यांनी ती कंप्युटरच्या उघड्या पोटात रिकामी केली.

एक बारीकसा 'फट' आवाज झाला. नाकाखाली आता काहीच येणार नव्हतं. नाकही गेलं.

"बापूजी," तेलुगू शाळेत शिकलेली चंद्रभागा शांतपणे म्हणाली, "तो म्हनला, हळू येते, थांबा."

"मंग मेलं काऊन म्हनला?"

ठीक पाचला उत्तमराव आले. "पाह्यला का पोरगा?"

"नाकापर्यंत," जयवंताबाई म्हणाल्या.

"उरलेला असंलच नाकासारखा," सुधाकरराव फरशी पुसता पुसता म्हणाले. "हो म्हनून टाका."

"मी हो म्हनत नाई," चंद्रभागा म्हणाली. "नाई बी म्हनत नाई. त्याले बसनं पाठवा. इथं बसू द्या, हसू द्या, मंग सांगतो."

उत्तमरावांनी उपरणं सावरलं. "आपल्यात पोरगी पोराले बलावत नाई, बाई. काय बापूजी? तुमी मोठे, तुमीच सांगा."

सगळ्यांनी बापूजींकडं पाहिलं. एरवी ह्या विषयावर ते तासभर बोलले असते. त्यांनी पाणी ठिबकणाऱ्या कंप्युटरकडं पाहिलं, मग नातीकडं.

"बलवा," ते म्हणाले. "पुराच बलवा. मी भिजवनार नाई त्याले."

उत्तमरावांनी खिशातलं पंचांग काढून वार पाहिला. मग घसा खाकरून चंद्रभागालाच म्हणाले, "आयतवार चालंल का?"