विसरोबाची किल्ली

“बाई, विसरोबा आज काय विसरला?”

बाईंनी वर्गात पाऊल टाकायचा अवकाश, मागच्या बाकावरून हाक आली आणि सगळा वर्ग खिदळला. लॅटिन घेणारी मुलं मोजकीच, पण दंगा करण्यात कुठल्याही भरल्या वर्गाला हार जाणारी नव्हती. बाई बऱ्याच दिवसांनी शाळेत आल्या होत्या. तब्येत बरी नव्हती, एवढंच मुलांना सांगितलेलं होतं. तेवढंच सांगा, असं बाईंनीच मोठ्या बाईंना विनवलं होतं. पोरांच्या तोंडावर कीव दिसली असती तर त्या तिथेच कोसळल्या असत्या.

विसरोबा हा बाईंच्या फळ्यावरचा माणूस. लॅटिनच्या पुस्तकातले सैनिक सदा कूच करतात आणि राण्या सदा बागेत बसतात, त्यामुळे मुलांना जांभया यायच्या. म्हणून बाईंनी एक कुलपं दुरुस्त करणारा उभा केला. तो जगाची कुलपं उघडतो आणि स्वतःच्या घराची किल्ली विसरतो. चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्मा शोधतो. त्याची वाक्यं करता करता क्रियापदं कधी पाठ झाली, ते मुलांना कळलंही नाही. हा प्राणी बाईंनीच रचलाय, अशी त्यांची पक्की समजूत होती. रचलेलं त्यात काडीइतकंही नव्हतं. जेवताना बाई नवऱ्याला सांगायच्या, “आज वर्गात तुमची फार फजिती झाली हो.” ते खूश होऊन विचारायचे, “पोरं हसली ना? मग उद्या छत्रीचं सांग.”

आज बाईंनी फळ्यावर मुकाट्याने सैनिक लिहिला.

“ए, सैनिक नको! विसरोबा कुठे गेला?”

“आज नवा काळ शिकायचाय. सैनिकाने पटकन समजेल.”

“नाही समजणार! झोप येईल!”

बाईंना नाही म्हणवेना. त्यांनी सैनिक पुसला.

“ऐका मग. एकदाच घडलं आणि मिटलं, त्याला हा काळ चालत नाही. जे रोज व्हायचं, जे चालूच होतं, त्याला हा. कांताबात. म्हणजे एकदा गायला असं नाही. गायचा. गात असायचा.”

“बेसूर गायचा!” मागचा बाक ओरडला.

“बेसूर,” बाईंनी मान हलवली. “पुढे?”

मग काय, पोरं सुटलीच. किल्ली विसरायचा. जिन्याच्या पायरीवर बसून राहायचा. बायको आली की म्हणायचा, मी काही किल्ली विसरलो नाही, तुझीच वाट बघत होतो.

“आणि बायको जाम चिडायची!”

“चिडायची नाही,” बाई म्हणाल्या. “चिडल्यासारखं करायची.”

एकेक वाक्य फळ्यावर चढत गेलं. बाई चूक शोधत होत्या. एखादी तरी चूक सापडली असती, तर रागवायच्या निमित्ताने आवाज मोकळा करता आला असता. चूक नव्हती. आतापर्यंत या वर्गात जो माणूस रोज चालत होता, बोलत होता, त्याला मुलांनी हसत हसत मागे, भूतकाळात नेऊन ठेवलं होतं.

पुढच्या बाकावरच्या चष्मेवाल्या मुलीने हात वर केला. तिला कायम शंका असायच्या.

“बाई, पण एकदा तरी त्याला किल्लीची आठवण राहिली असेल ना?”

खडू हातातच राहिला. दुकानात बसल्या बसल्या बाईंचे यजमान कोसळले, त्या दिवशी दवाखान्यातल्या परिचारिकेने त्यांच्या खिशातल्या वस्तू बाईंच्या हातावर ठेवल्या होत्या. चष्मा, रुमाल आणि घराची किल्ली. बाई डॉक्टरांसमोर रडल्या नव्हत्या, किल्ली बघून रडल्या.

“राहिली. एकदा राहिली.”

“मग त्याला हाच काळ लावायचा?”

“नाही. त्याला दुसरा.”

“सांगा ना बाई, काय झालं त्या दिवशी?”

सगळा वर्ग पुढे सरसावला. आता विसरोबाची मोठी फजिती ऐकायला मिळणार, म्हणून सगळ्यांचे चेहरे फुलले होते. बाईंनी त्या चेहऱ्यांकडे नीट पाहून घेतलं.

“ते वाक्य मला अजून करता येत नाही रे,” त्या म्हणाल्या.

मुलं पोट धरधरून हसली. बाईंना लॅटिन येत नाही म्हणजे काय! बाईही हसल्या, आणि घंटा झाल्यावर फळा तसाच ठेवून बाहेर पडल्या.

संध्याकाळी जिना चढताना त्या सवयीने वळणावरच म्हणाल्या, “उठा, वाट द्या.” पायरी रिकामी होती. वर्षानुवर्षं टेकून तिथल्या भिंतीचा रंग उडाला होता. बाईंनी दारापाशी पर्समध्ये हात घातला. हाताला आधी यजमानांची किल्ली लागली. कधी वापरलीच नव्हती, त्यामुळे तिच्या कडा अजून नव्यासारख्या टोकदार होत्या. शेजारी बाईंची स्वतःची, झिजून गुळगुळीत झालेली.

त्यांनी कुठलीच कुलपाला लावली नाही. दोन्ही मुठीत धरून त्या पायरीवर बसल्या, भिंतीच्या बाजूला एका माणसाची जागा सोडून.