अकरावी मिरची

डॅन्यूब नदीकाठच्या रूसे गावातल्या नाट्यगृहात जिन्याखाली एक खोली आहे. पूर्वी तिथे प्रेक्षकांच्या छत्र्या ठेवत, आता दोन्का बसते. आणि येईल त्याला नाटकं सुचवते.

हे काही तिला कोणी नेमून दिलेलं काम नव्हे. ती प्रॉम्प्टर. तीस वर्षं विंगेत स्टुलावर बसून नटांना वाक्यं पुरवत आलेली. तिची कुजबुज नटाच्या कानापर्यंत जाई आणि तिथेच विरून जाई. पहिल्या रांगेतल्या बाईला पत्ता लागत नसे. मोठ्याने बोलायची वेळ आली की मात्र तिला दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरल्यासारखं वाटे. दुपारच्या रिकाम्या वेळात तिने आजच्या लेखकांच्या एकांकिका आणि स्वगतं जमवायला सुरुवात केली. कोणी पोस्टाने पाठवी, कोणी बसच्या ड्रायव्हरच्या हाती. बुटांच्या खोक्यांत ती सगळी रचलेली, आणि प्रत्येकाला एक कार्ड: पात्रं किती, श्वास किती, कोणाला द्यावं, कोणाला चुकूनही देऊ नये. मिनिटं ती मोजत नसे. घड्याळाला काय, ते कुठेही चालतं. श्वास बोलणाऱ्या माणसाचा असतो.

एक अट होती. लेखक जिवंत हवा.

“गेलेल्यांचे पुतळे आहेत, त्यांच्या नावाने रस्ते आहेत,” ती म्हणे. “जिवंत बिचारे कोणाच्या तोंडाकडे बघणार?”

नाट्यशाळेच्या प्रवेश परीक्षेला बसणाऱ्या मुली येत. एकीने रडण्याचं स्वगत मागितलं. दोन्काने विचारलं, “तुला रडायचंय, की समोरच्यांना रडवायचंय?” तिला लिफ्टचं स्वगत मिळालं: एक बाई चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकते आणि तिथूनच शेजारणीला ओरडून सांगत राहते, माझ्या सुपात मीठ घाल, गॅस बारीक कर. कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरने लग्नाच्या वाढदिवसाला दोघांनी घरी वाचण्याजोगं काहीतरी मागितलं. त्याला तिने फेरीबोटीची एकांकिका दिली: नवरा-बायको तिकीट काढतात आणि काठावरच बोलत बसतात. आठवड्याने तो पडेल चेहऱ्याने परत आला.

“बायको म्हणते, पलीकडे जायचंच नव्हतं तर तिकीट कशाला काढलंस?”

“म्हणजे लागू पडलं,” दोन्का म्हणाली.

मे महिना संपत आला होता. डॅन्यूबच्या काठावरची पॉपलरची झाडं पिकली होती आणि त्यांचा कापूस गावभर तरंगत होता. कोणाच्या कॉफीत, कोणाच्या पापणीवर. अशा दिवसांत रूसेमधली माणसं थोडी सावकाश चालतात, बोलता बोलता मध्येच थांबतात आणि काय बोलत होतो ते विसरतात. कोणी कोणाला बोल लावत नाही. जिन्याखालच्या खोलीतही कापूस आला होता. खोक्यांवर, कार्डांवर, दोन्काच्या केसांत. आणि त्याच कापसातून, दारात, तेमेनुगा उभी राहिली.

दोन्काच्या हातातली पेन्सिल खाली पडली.

तेमेनुगा म्हणजे या गावची नटी. गावाला दुसऱ्या नट्याही होत्या, पण नुसतं ‘नटी’ म्हटलं की तीच. येत्या शनिवारी तिला सत्तर पूर्ण व्हायची होती. नाट्यगृह तिच्या नावाने संध्याकाळ करणार होतं. भाषणं, फुलं आणि शेवटची दहा मिनिटं तिची एकटीची. त्यानंतर ती रंगमंचावर येणार नव्हती, हेही गावाला ठाऊक होतं. आणि हेही ठाऊक होतं, की गेली अकरा वर्षं ती दोन्काशी एक शब्दही बोललेली नाही.

घडलं होतं ते इतकंच. प्रॉम्प्टरच्या प्रतीत, नट जिथे मुद्दाम थांबतो तिथे पेन्सिलने एक पाखरू काढायची रीत आहे. पाखरू दिसलं की तोंड मिटून बसायचं. पाखरू नाही आणि नट गप्प, म्हणजे वाक्य विसरलं, पुरवायचं. सगळी विद्या एवढीच. अकरा वर्षांपूर्वी एका पहिल्या प्रयोगात तेमेनुगा अशा जागी थांबली, जिथे ती कुठल्याच तालमीत थांबली नव्हती. डोळ्यावर झोप यावी तसा तो विराम तिच्यावर उतरला. सगळं सभागृह तिच्यासोबत थांबलं. दोन्काने प्रतीत पाहिलं. पाखरू नव्हतं. तिने वाक्य पुरवलं. आणि एरवी कोणाला ऐकू न जाणारी ती कुजबुज त्या शांततेत पार सातव्या रांगेपर्यंत गेली. कोणीतरी फिस्सकन हसलं.

त्यानंतर तेमेनुगा तिच्याकडून वाक्यं घेई, पण नळाचं पाणी घ्यावं तशी. नळाला कोणी रामराम करत नाही.

आता ती आत आली, एकुलत्या खुर्चीकडे पाहिलं आणि बसली नाही.

“शनिवारी काय करू?” तिने विचारलं. जणू मधली अकरा वर्षं म्हणजे कालची दुपार.

दोन्काला कुजबुजच फुटली. “काय हवंय, ताई?”

“जुनं काही नको. त्या सगळ्या राण्या आणि विधवा करून झाल्या. नवं दे. आणि छोटं.”

“किती छोटं?”

“छोटं म्हणजे छोटं! गजाने मोजून देतेस काय?”

ती करवादली, आणि त्या करवादण्यात दोन्काला सगळं कळलं. गेल्या हिवाळ्यात तेमेनुगाबाई दोनदा अडल्या होत्या, रोजच्या वाक्यांवर. लोकांना तो अभिनय वाटला. विंगेतल्या स्टुलाला तसं वाटत नाही.

दोन्काने तिसरं खोकं उघडलं. आतलं स्वगत यासेन नावाच्या तरुणाचं होतं. दिवसा तो गुरांचा डॉक्टर. एक बाई अकरा पाहुण्यांसाठी मिरच्या भरते आहे. एकेका ढोबळ्या मिरचीत भात-खिमा भरते आणि ती ज्याची, त्याच्याविषयी बोलते. भावाची, उसनवार करणाऱ्या शेजारणीची, बोटीने गेलेल्या नवऱ्याची. अकरावी कोणाची, ते तिला काही केल्या आठवत नाही. साठ श्वास. तेमेनुगाबाई अडल्या तरी लोक म्हणतील, त्यांना अडायचंच होतं.

तेमेनुगाने उभ्याउभ्याच वाचलं. शेवटच्या पानाशी तिचे ओठ बारीक झाले.

“मला विसराळू म्हातारीचं काम देतेस?”

“काम चांगलं आहे, ताई.”

“मी विचारलं काय, तू सांगतेस काय! एकदा माझा विराम खाल्लास, आता कुबडी द्यायला निघालीस होय?”

कागद टेबलावर आपटून ती गेली. कापूस क्षणभर वर उडाला आणि पुन्हा आपल्या जागी येऊन बसला.

दोन्का दोन दिवस त्या कार्डाकडे बघत राहिली. ‘कोणाला चुकूनही देऊ नये’ याच्यापुढे काही लिहावं का, तिला ठरवता येईना. तिसऱ्या दिवशी दार न वाजवता उघडलं.

“मिरच्या हिरव्या घ्यायच्या की लाल?” तेमेनुगाने विचारलं. तिच्या नखांत भाताचं शीत अडकलं होतं.

“लाल. मागच्या रांगेतून दिसतात.”

“बरं.” ती वळली, मग थांबली. “आणि ऐक. खाणाखुणा काही ठरवायच्या नाहीत. मी खोकले की वाक्य दे, नाक खाजवलं की वाक्य दे, असले चाळे नकोत. तुला तुझी विद्या येत असेल तर कळेल.”

झालं. आता शनिवारपर्यंत दोन्कापुढे हेच एक कोडं. पुरवावं आणि तो विराम निघाला, तर अकरा वर्षांचा घाव पुन्हा, तोही शेवटच्या दिवशी. गप्प बसावं आणि बाई खरंच विसरलेल्या असल्या, तर सगळ्या गावासमोर त्यांना बुडू दिल्यासारखं. तालमीत प्रत उपयोगाची नव्हती, कारण तेमेनुगा रोज नव्या जागी थांबे. म्हणून दोन्काने प्रत मिटली आणि बाईंचे हात बघायला लागली. दोन तालमींनंतर तिला दिसलं. बाई मनापासून थांबल्या की हात भात भरत राहतात. वाक्य हरवलं की हातही थांबतात.

शनिवारी संध्याकाळी सात वाजता सभागृह गच्च भरलं होतं. उकाड्यामुळे वरच्या खिडक्या उघड्या ठेवलेल्या, आणि भाषणं चालली असतानाच कापूस आत आला. दिव्याच्या झोतात तो इतका सावकाश उतरत होता, की खाली पोचायचं त्याच्या मनातच नसावं. तेमेनुगा टेबलामागे बसली. समोर परात, मिरच्या आणि चुब्रित्साचा वाळका पाला चुरून घातलेला भात. त्या पाल्याचा वास चौथ्या रांगेपर्यंत गेला आणि सगळ्यांना आपापली स्वयंपाकघरं आठवली.

सहा मिरच्या झाल्या. लोक हसले, एकदा टाळ्या पडल्या. सातवी आईची. ती हातात घेऊन तेमेनुगा गप्प झाली.

दोन्काच्या मनात एक श्वास मोजून झाला. दोन. पाच. ओठांवर वाक्य येऊन बसलं होतं: ‘आईला भात कमी लागायचा.’ तिने हातांकडे पाहिलं. बोटं चालली होती. भात घेत होती, दाबत होती, पुन्हा घेत होती. नऊ. कापसाचा एक पुंजका बाईंच्या केसांवर बसला. सभागृहात कोणी खोकेना. बारा. दोन्काने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. हा तोच विराम होता. अकरा वर्षांपूर्वी अर्ध्यावरून परत गेलेला; आज उरलेलं घेऊन आला होता.

“आईला भात कमी लागायचा,” तेमेनुगा म्हणाली, आणि पहिल्या रांगेतल्या कोणाचा तरी श्वास ऐकू येईल इतक्या जोरात सुटला.

आठवी. नववी. दहावी. तिने अकरावी मिरची उचलली.

आणि हात थांबले.

नाटकात इथे एकच ओळ उरली होती: ‘कोणाची ते आठवत नाही, पण ताट मांडून ठेवते.’ दोन्का पुढे झुकली. तेवढ्यात तेमेनुगाने मान वळवून थेट विंगेकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. घरातल्या माणसाला हाक मारावी तशी तिने भर सभागृहात हाक मारली.

“दोन्के, ही अकरावी कोणाची गं?”

ही ओळ यासेनने लिहिली नव्हती. दोन्काच्या जिभेवर बाईंचं वाक्य तयार होतं. तीस वर्षांत विंगेत तिने दुसऱ्या कशासाठी तोंड उघडलं नव्हतं.

“माझी,” ती म्हणाली. कुजबुजून नव्हे. आवाज थोडा घोगरा निघाला, वापर नसल्याने.

“तुझी?” तेमेनुगाने मिरचीकडे पाहिलं. “मग इतकी वर्षं जेवायला का नाही आलीस?”

“तुम्ही बोलावलं नाहीत, ताई.”

सभागृह हसलं, पण तोंडावर हात ठेवून. तेमेनुगाचे हात पुन्हा चालू लागले. तिने मिरची दाबून भरली, वर एक शीत चिकटवलं आणि ती ओळ, आठवून म्हणा की आपोआप आली म्हणा, अगदी हलकेच म्हटली. फक्त पहिला भाग बदलून.

“कोणाची ते आठवलं. ताट मांडून ठेवते.”

पडदा पडल्यावर ती फुलांच्या गर्दीतून वाट काढत विंगेत आली आणि ती मिरची दोन्काच्या हातात ठेवली.

“कच्ची आहे. शिजवून खा, नाहीतर पोट दुखेल आणि माझं नाव घेशील.”

सोमवारी दोन्का जिन्याखालच्या खोलीत यासेनचं कार्ड समोर घेऊन बसली. पात्रं: एक. त्यातला ‘एक’ तिने खोडला, आणि दोन लिहावं की आणखी काही, या विचारात पेन्सिल हातातच राहिली. एवढ्यात दार उघडलं. तेमेनुगा आत आली, कापूस झटकला आणि खुर्चीवर बसली.

“आता असं काहीतरी दे,” ती म्हणाली, “की ज्यात मला रंगमंचावर जावं लागणार नाही, इथेच बसून वाचता येईल. आणि काय गं, या घरात कॉफी मिळते का?”