मी कुठे नाही म्हणतोय?

माझ्या शिक्षणाला घरात कोणाचाच विरोध नाही. हेच तर दुखणं आहे! कोणी आडवं आलं असतं तर कडाकडा भांडून मोकळी झाले असते. पण नवरा म्हणतो, "शीक ना, मी कुठे नाही म्हणतोय?" आता या माणसाशी भांडायचं तरी कशावरून?

सासूबाई आणि मी एकाच लॉन्ड्रीत कामाला. हॉस्पिटलच्या चादरी धुवायच्या, गरम रोलरमधून काढायच्या, घड्या घालायच्या. चिमी झाल्यापासून आमच्या पाळ्या मुद्दाम उलटसुलट घेतलेल्या. एकीची सकाळची, तर दुसरीची दुपारची. पाळी बदलताना फाटकावरच पोरगी एकीच्या कडेवरून दुसरीच्या कडेवर जायची. बाकीच्या बायका हसायच्या, "झाली का डिलिव्हरी?" या सगळ्यात पोरीचा बाप कुठे असतो, हे कोणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

मग मी संध्याकाळच्या कॉलेजात नाव घातलं. सुपरवायझरच्या नाकदुऱ्या काढून कायमची सकाळपाळी मिळवली. सासूबाईंनी कुरकुरत का होईना, दुपारपाळी कायमची घेतली. "माझी दुपारची झोप गेली ती गेली, आता निदान पास तरी हो," म्हणाल्या. राहता राहिली संध्याकाळ. तेव्हा नवरा घरी असतो. स्वतःच्या पोरीला दोन तास सांभाळायचं, एवढंच!

पण पहिल्याच आठवड्यात त्याचं डोकं दुखलं. मग मित्र आला. मग म्हणे, "अगं, ती माझ्याकडे राहतच नाही, भोकाड पसरते." दर वेळी मी दारातून मागे फिरायचे, चप्पल काढायचे आणि मनातल्या मनात जळफळत भांडी घासायचे. डोंबलाचं शिक्षण!

शेवटी मॅडमनी बोलावून सांगितलं, "हजेरी फार कमी आहे तुमची. आणखी एक तास बुडाला, तर परीक्षेला बसता येणार नाही."

त्या संध्याकाळी मी चिमीला उचललं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं. "हिला खायला घातलंय. मी निघाले."

"अगं, पण आज मला जरा..."

"तू नाही म्हणतोयस का?"

त्याने चिमीला सावरून धरलं. मी सुटले.

तास अर्धा झाला असेल, तेवढ्यात वर्गाचं दार उघडलं. दारात आमचे हे! घामाघूम, शर्ट बाहेर आलेला, खांद्यावर रडून लाल झालेली चिमी.

"आईने घेतलंच नाही हिला!" सगळ्या वर्गासमोर तो म्हणाला.

मला आधी कळेचना. मग डोक्यात प्रकाश पडला. हा शहाणा पोरीला घेऊन थेट लॉन्ड्रीच्या फाटकावर गेला होता! पोरगी तिथेच द्यायची असते, एवढंच त्याला ठाऊक. भर कामातून त्याने आईला बाहेर बोलावलं होतं.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाली, माझी पाळी चालू आहे आणि तुझीही. घरी जा."

वर्ग खो खो हसला. मला हसू नाही आलं. चिमीने हात पसरले, "आई!" आणि खोटं कशाला सांगू, मी उठलेसुद्धा. मॅडम खडू हातात धरून बघत राहिल्या.

"आजच्या दिवस ये ना," तो म्हणाला. "तू शिकायला मी कुठे नाही..."

"बोलू नकोस ते!" मी भर वर्गात ओरडले. "घरी ने, नाहीतर खाली अंगणात फिरव. रडली तर रडू दे. पण ती आज तुझ्याकडेच राहणार."

तो ढिम्म उभा. मीच पुढे गेले, चिमीचं नाक पुसलं आणि दार लावून घेतलं.

जिन्यावरून तिचा आवाज किती तरी वेळ येत होता. मॅडमनी पुढे काय शिकवलं, ते मला विचारू नका. वहीत एक अक्षर उतरलं नाही. पण तास संपताना हजेरी घेतली, तेव्हा मी "हजर" म्हणाले ते एवढ्या जोरात, की मॅडमनी दचकून वर पाहिलं.