ओळख करून द्यायला जुनाच लागला

मित्रांनो, टेबलाखाली पायापाशी जो काळा डबा घरघरत असतो, तो मी. गेम खेळायचा कॉम्प्युटर. आता माझं वय झालंय आणि स्वभाव संशयी झालाय. पण आधी ऐका, मग मला नावं ठेवा.

माझी जोडणी याच टेबलावर झाली. या घरातली आई शिवणकाम करायची. तिनं आणि तिच्या धाकट्या भावानं मला जोडलं. एक स्क्रू माझ्या पोटात पडला, तेव्हा ती शिवणाच्या डब्यातलं लोहचुंबक घेऊन आली. भाऊ ओरडला, "ताई, चुंबक लांब धर! सुरू व्हायच्या आधीच मारशील त्याला!"

पुढे ती आणि तिची मुलगी माझ्यावर एक खेळ खेळू लागल्या. त्यात दोघींनी नदीकाठी गाव वसवलं. मुलीच्या मैत्रिणी बघायला यायच्या आणि म्हणायच्या, "तुझी आई खेळते? मज्जा आहे तुझी."

मग आई आजारी पडली आणि गेली. खुर्चीवर कपड्यांचा ढीग साचला, माझ्यात धूळ. बऱ्याच महिन्यांनी मुलीनं मला सुरू केलं. मधल्या काळात खेळाची नवी आवृत्ती आली होती. पडद्यावर सूचना आली की, या खेळाला तुमचा प्रोसेसर पुरणार नाही. प्रोसेसर म्हणजे माझा मेंदूच म्हणा.

"बाबा, आईचं गाव उघडत नाहीये," ती म्हणाली.

बाबा लोकांची घरं रंगवतात. माझ्याशी त्यांचा संबंध झाडू मारण्यापुरता. पण त्या रविवारी त्यांनी माझा बाजूचा पत्रा काढला आणि फोनवर आतले फोटो घेतले. मला तेव्हाच शंका आली. विकायला काढलेल्या वस्तूचे असेच फोटो घेतात.

ते फोटो पाहून मामा, म्हणजे आईचा तोच धाकटा भाऊ, आला आणि शंका बळावली. "दाजी, हा डबा भंगारात द्या. नवा घ्या."

"पैसे काय झाडाला लागलेत?"

"मग नुसता प्रोसेसर बदला. वापरलेला मिळतो स्वस्तात. याच मदरबोर्डवर, या आतल्या मुख्य पाटीवर, बसेल असा बघतो."

वापरलेला! कोणाच्या घरचा? चांगला असता तर कोणी विकला असता का?

पार्सल आलं. बाबांनी चष्मा लावून ती चिप उजेडात फिरवून फिरवून पाहिली. "एवढा स्वस्त दिला म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय," ते म्हणाले. पहिल्यांदाच आमचं दोघांचं एकमत झालं.

त्यांनी रंगाचा कोरा ब्रश घेऊन माझी धूळ झाडली. जुना प्रोसेसर काढला, नवा बसवला. वर उष्णता ओढून घेणारी पेस्ट लावू लागले, तसा मामा म्हणाला, "दाजी, भिंत रंगवताय का? वाटाण्याएवढी पुरे!"

बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळाच राहिला.

मुलगी खुर्चीमागे उभी होती. तिनं खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

बाबांनी विकणाऱ्या बाईला फोन लावला. उचलला नाही. परत लावला. "ती आता कसली उचलतेय! चुना लावून गेली," मामा म्हणाला. माझा संशय खरा ठरला म्हणून मी मनात खूश झालो. मग मुलीचा चेहरा दिसला आणि ती खुशी ओसरली.

संध्याकाळी त्या बाईचाच फोन आला. "दादा, मी नर्स आहे. ड्यूटीवर फोन कपाटात असतो. काय झालं?"

"काय व्हायचं? बंद पडलेला माल गळ्यात मारलात!"

"माझ्याकडे चालत होता हो. बायोस अपडेट केलंत का आधी?"

मामानं जीभ चावली.

बाईनं समजावून सांगितलं. बायोस म्हणजे मदरबोर्डच्या आतलं सॉफ्टवेअर. ते जुनं असेल तर त्याला हा प्रोसेसर माहीतच नसतो. "जुना परत बसवा. त्याच्यावर अपडेट करा, मग माझा लावा. नव्याची ओळख करून द्यायला जुनाच लागतो, दादा."

 बाबा म्हणाले, "चुकलं, ताई. उगाच बोललो."

मित्रांनो, दोष त्या नव्यात नव्हता, विकणारीतही नव्हता. त्याला ओळखत नव्हतो तो मीच.

जुना परत बसला. पेन ड्राइव्ह लावून अपडेट सुरू झालं. "कोणी वायरीला पाय लावू नका. आता लाइट गेली तर मदरबोर्डच गेला," मामा म्हणाला. कोणी हललं नाही. ते पार पडल्यावर नवा बसवला. या वेळी पडदा उजळला आणि गाव उघडलं. नदी होती, घरं होती, आणि एक भिंत अर्धीच होती.

"ही अशी का?" बाबांनी विचारलं.

"ते तुझं रंगाचं दुकान आहे. आई म्हणायची, पुरं झालं की बाबांना दाखवू."

बाबांनी स्टूल ओढलं. बराच वेळ त्या भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाले, "वीट कशी ठेवायची?"

जाताना मामा म्हणाला, "जुना विका, चार पैसे येतील." बाबांनी तो नव्याच्याच खोक्यात घालून शिवणाच्या डब्यात ठेवला. "असू दे," म्हणाले.

मित्रांनो, आमच्यावर धूळ साचू देऊ नका. आणि नवं काही चाललं नाही, तर त्याच्यावर आळ घेण्याआधी त्याची ओळख करून दिली होती का, ते बघा. मी काही लगेच सुधारणार नाही. नव्यावर माझं लक्ष आहे. पण रोज संध्याकाळी बाबा कामावरून येऊन हात धुतात, नखांतला रंग तसाच राहतो, आणि त्या भिंतीवर विटांची आणखी एक ओळ चढते.