डाव्या डोळ्याला लागलेला शब्द

मित्रांनो, मी एक जुना चष्मा आहे, आणि तरीही मला स्वतःची काच नाही. डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणीच्या खुर्चीवर बसलात, की तुमच्या नाकावर जो जड, गोल, थंडगार सांगाडा चढवतात, तोच मी. माझ्या खाचेत एक काच घालायची आणि विचारायचं, "आता बरं दिसतं?" ती काढायची, दुसरी घालायची. "की आता?" मग मला उतरवायचं, पुसायचं, की पुढचं नाक तयार. चष्म्याच्या कुळात जन्मलो खरा, पण कुठल्याच नाकावर माझं घर झालं नाही.

एका छोट्या कारखान्यात कानशीच्या खरखरीत माझा जन्म झाला. कारागिराने मला घासलं, उजळलं, स्वतःच्या नाकावर चढवून आरशात पाहिलं आणि म्हणाला, "वा, जमलास की रे!" मला वाटलं, आता इथेच राहायचं. तेवढ्यात त्याने मला डब्यात घातलं. माझी तगमग तेव्हापासूनची. डब्यातल्या काचा मखमलीवर ओळीने निवांत निजतात. मला मात्र झाकण उघडण्याची चाहूल लागली, की चैन पडत नाही.

ज्या दवाखान्यात आलो, तिथल्या डॉक्टरबाई कामाला वाघ आणि बोलायला वारा. बाहेर बाकावर दाटीवाटीने माणसं, आत भिंतीवर अक्षरांचा तक्ता, वर भोपळ्याएवढी अक्षरं, खाली मुंगीएवढी. मला नाकावर घेऊन कितीतरी जणांनी हरखून म्हटलं, "अगं बाई, हे कॅलेंडर आहे होय! मला वाटलं खिडकी!" अशा वेळी मी मनातल्या मनात चमकून घ्यायचो.

पण नाकावर बसणाऱ्याला कानांनाही बिलगावं लागतं. म्हणून पाहण्याइतकंच मी ऐकलंही. दवाखान्यातले काही शब्द बोलणाऱ्याला साधे असतात आणि ऐकणाऱ्याला काट्यासारखे बोचतात. एकदा डॉक्टरबाई एका शाळामास्तरीणबाईंना म्हणाल्या, "तुम्हाला चाळिशी लागली." बाई ताडकन उठल्या. "कुणाला? मी अजून छत्तिशीत आहे!" एका आजोबांचा कागद नर्सने मोठ्याने वाचला, "पेशंटची तक्रार, अंधूक दिसतं." आजोबा रुसले. "तक्रार? मी कुठे तक्रार केली? मी आपलं सांगितलं. चहा गार दिला तरी तक्रार करत नाही मी, सुनेला विचारा!" सगळा दवाखाना हसला. माझेही स्क्रू खुळखुळले.

मग एका संध्याकाळी असा शब्द निघाला, की कुणीच हसलं नाही.

आईबाबांबरोबर एक मुलगी आली होती. एका जागी दोन क्षण टिकेल तर शपथ! म्हणून घरचे तिला भिंगरी म्हणत. वडील शिंपी. आई काजं करायची, बटणं लावायची. भिंगरी दुकानातल्या चिंध्या निवडायची. ज्या घरात शिलाईचं यंत्र उजाडल्यापासून थांबत नाही, त्या घरात 'आळशी' ही सगळ्यांत मोठी शिवी होती.

डॉक्टरबाईंनी माझ्या डाव्या खाचेत काळी चकती टाकली. उजव्या डोळ्याने भिंगरीने तक्ता घडाघडा वाचला. चकती उजवीकडे गेली, तशी ती वरच्या दोन ओळींतच अडखळली.

"हिचा डावा डोळा आळशी आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "उजव्यावर पट्टी लावा. रोज, शाळेतून आल्यावर. चष्मा देते."

भिंगरीचे कान माझ्या दांड्यांखाली तापले.

"आमच्या घरात आळशी कुणी नाही, डॉक्टरबाई," वडील हळूच म्हणाले.

"अहो, तसं म्हणतात त्याला. चला, पुढचं कोण?"

मला उतरवलं. दुसऱ्या नाकावर बसलो, पण लक्ष लागेना. दारातून बाहेर पडताना भिंगरीने आईचा पदर ओढून विचारलं, "आई, मी आळशी आहे?" उत्तर ऐकू यायच्या आत दार मिटलं.

ती माणसं महिन्याभराने यायची होती. आली नाहीत. डब्याचं झाकण उघडलं, की मी आधी दाराकडे बघायचो. ऋतू पालटला, बाकाचा रंग बदलला, नर्स बदलली. आणि एके दिवशी भिंगरी आली. डोळ्यावर सुंदर पट्टी होती. निळं कापड, आतून मऊ अस्तर, कडेला बारीक टीप. पण ती पट्टी होती डाव्या डोळ्यावर.

"हे काय?" डॉक्टरबाईंचा आवाज चढला. "उजव्यावर सांगितली होती ना?"

वडील बाहीशी चाळा करत म्हणाले, "ऐकलं होतं नीट. पण बाई, मी शिंपी माणूस. कापडात डाग निघाला, की आम्ही तो शिवणीत आत घेतो आणि चांगली बाजू वर ठेवतो. चालता डोळा झाकायचा आणि बिघडलेला चारचौघांत मिरवायचा, हे मनाला पटेना. शाळेत पोरं तिला 'आळशे' म्हणायला लागली होती. मग झाकला."

मला घाईघाईने तिच्या नाकावर चढवलं. उजवीकडे काळी चकती पडली. भिंगरीने मान पुढे काढली, वाकडी केली.

"वरचं अक्षर वाच, बाळ."

"कुठलं अक्षर?"

मित्रांनो, त्या क्षणी माझी खाच न् खाच कापली. डोळा वाढत्या वयातच बघायला शिकतो. ते वय सरलं, की शिकवणं फार अवघड होऊन बसतं. आणि भिंगरीचं ते वय भिंगरीसारखंच पळत होतं.

"मी रोज चिंध्या निवडते," ती रडत म्हणाली. "मी आळशी नाहीये."

डॉक्टरबाईंनी पहिल्यांदाच पुढच्याला हाक मारली नाही. खुर्ची ओढून त्या तिच्यासमोर बसल्या. "नाहीच आहेस. तुझा डोळाही नाही. तो शब्द आमच्या पुस्तकातला, मी तसाच तुझ्या अंगावर टाकला. अगं, उजवा डोळा इतका चटपटीत आहे, की मेंदू सगळं काम त्यालाच सांगतो. डाव्याला कुणी विचारतच नाही."

वडिलांनी बाहीशी चाललेला चाळा थांबवला. मग म्हणाले, "म्हणजे दुकानात जुना कारागीर सगळं उरकतो आणि नवा नुसता बसून राहतो, तसं?"

"अगदी तसंच, दादा."

"मग जुन्याला थोडा वेळ बसवायला हवं. नाहीतर नवा शिकायचा कसा?"

त्यांनी कॉलरखालची सुई काढली, तिथेच पट्टीची नाडी उसवली, उजव्या डोळ्यासाठी फिरवून शिवली आणि दाताने दोरा तोडला. मी उतरलो, पट्टी चढली. भिंगरी उठली आणि थेट स्टुलावर आदळली. "काढा! मला काहीच दिसत नाही!" आईचा हात पट्टीकडे गेला, थबकला आणि लेकीच्या पाठीवर आला. तिला जवळ घेऊन ती गुणगुणू लागली,

"डाव्या माझ्या डोळ्या, ऊठ, उजेड दारी आला,
तुझ्या वाटचा रे चंद्र, नाही कुणी चोरलेला."

त्यानंतर ती येत राहिली. कधी हट्ट करत, कधी पट्टी खिशात लपवून. तक्त्यावर ती इतकी हळू उतरत होती, की माझा जीव टांगणीला लागायचा. एखादी ओळ मिळायची, पुढच्या खेपेला हातची निसटायची, पुन्हा मिळायची. मधल्या काळात दवाखान्यात नवं यंत्र आलं. त्यात हनुवटी टेकवली, की आकडा आपोआप छापून येतो. मी डब्यात धूळ खाऊ लागलो. झाकण उघडायचं ते क्वचित, आणि बहुधा भिंगरीसाठीच. यंत्रासमोर ती स्थिर बसेल तर ना!

परवा तिने डाव्या डोळ्याने खालून दुसरी ओळ वाचली. शेवटच्या ओळीवर थांबली, डोळा बारीक केला, मान हलवली.

"ती ओळ येईल का हिला?" वडिलांनी विचारलं.

"येईलच असं सांगता येत नाही."

"उशीर माझ्यामुळे झाला ना?"

डॉक्टरबाईंनी मला पुसायला घेतलं. पुसून झालं तरी पुसतच राहिल्या. "थोडा तुमच्यामुळे," त्या म्हणाल्या, "आणि थोडा माझ्या एका शब्दामुळे."

मित्रांनो, माझे स्क्रू आता ढिले झालेत. कुणी मला पुसलं नाही तरी माझी कुरकूर नाही. तुमच्याकडे मागणं एवढंच आहे. उद्या तुम्ही डॉक्टर व्हाल, मास्तर व्हाल, कुणाचे ताई-दादा व्हाल. एखाद्याला मंद, आळशी, निकामी म्हणायचा शब्द जिभेवर आला, की जरा थांबा. माझ्यात चुकीची काच बसली, तर ती काढता येते. शब्द दाराबाहेर पडला, की माणसाबरोबर घरी जातो, त्याच्या ताटाशी बसतो, त्याच्या उशाशी निजतो. आणि तुमच्यासाठी कुणी असा शब्द वापरला, तर लाजून तो डोळा झाकू नका. त्याला काम द्या.

आत्ताही शेवटची ओळ भिंतीवर आहे. भिंगरी आज पुन्हा आली आहे, तपासणीच्या खुर्चीच्या पायरीवर पाय आपटत उभी आहे आणि म्हणते आहे, "अजून एकदा बघू?"

अगं, चढव ना मला लवकर!