मागे तोंड करून बसणाऱ्यांची गाडी

मित्रांनो, मी एक जुने, जाडजूड चित्रांचे पुस्तक आहे. माझ्या पोटात अमेरिकेतल्या जुन्या स्टेशन वॅगन उभ्या आहेत. त्या लांबलचक मोटारी, मागे सामानाला ऐसपैस जागा, बाजूला लाकडासारखी दिसणारी पट्टी. कोणत्या साली कोणता रंग होता, दिवा कसा होता, सारे माझ्यात मिळते. मात्र माझ्या एकाही गाडीत माणूस बसलेला नाही. ओहायोतल्या त्या गॅरेजात दुपारचा वारा माझी पाने चाळू लागला, की मला वाटे, गाड्या निघाल्या. आता वाटेत कुणीतरी हात दाखवील आणि आत बसेल.

गॅरेज एल्वुडचे. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्याने देवळाची, म्हणजे त्यांच्या चर्चची, जुनी वॅगन दुरुस्तीला घेतली. त्याची बायको वर्डेल हिचे वडील, रेव्हरंड टिडवेल, याच गाडीतून गाणाऱ्या मुलांना गावोगाव नेत. पट्टीवर त्यांनी स्वतःच्या हाताने देवळाचे नाव रंगवले होते. जागा पुरली नाही, म्हणून शेवटची अक्षरे एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखी दिसत.

एल्वुडला जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनातली पहिल्या क्रमांकाची निळी फीत हवी होती. तिथले परीक्षक माझीच एक प्रत हातात धरून फिरत आणि चित्रात नाही ते गाडीवर दिसले, की गुण कापत. म्हणून त्याने नवी कोरी पट्टी मागवली.

"पुस्तकात साधी पट्टी आहे, वर्डेल. हे बघ."

"बघितलं," ती म्हणाली. "पुस्तकाला माझे बाबा ठाऊक नाहीत."

"मग नको म्हण ना सरळ."

"गाडीसाठी राबतोस तू. मी कशाला नको म्हणू?" असे म्हणून ती खिडकीची स्वच्छ काच पुन्हा पुसू लागली.

एल्वुडने गरम हवेचे यंत्र लावले. पट्टी मऊ झाली. पहिले अक्षर पट्टीच्या कडेसकट सुटून खाली लोंबू लागले. मी बाकावर उघडे पडले होते. माझ्याकडेच बघून तो ते अक्षर काढत होता आणि मला मिटताही येत नव्हते.

तेवढ्यात मदर ओडेसा आल्या. देवळातल्या सर्वांत वडीलधाऱ्या. हातात पीचच्या गोड पदार्थाचे भांडे.

"एल्वुड, तुझ्या बायकोपेक्षा जास्त या गाडीला गोंजारतोस म्हणे तू?"

"ती गोंजारू देत नाही, मदर."

"मी तापलेली इस्त्री, मला कोण हात लावील," वर्डेल म्हणाली, पण हसली नाही.

"मला जरा मागं बसवा. माझ्या जागेवर."

त्या गाडीची शेवटची सीट उलटी होती, मागच्या काचेकडे तोंड असलेली. दोघांनी धरून त्यांना बसवले. त्या बराच वेळ बाहेरच्या रस्त्याकडे बघत राहिल्या.

"रेव्हरंड गाडी चालवता चालवता प्रवचन सांगायचे," त्या म्हणाल्या. "सांगता सांगता आवाज चढायचा आणि शब्दांचं गाणं व्हायचं. आम्ही मागची पोरं रुसायचो, पुढचं काही दिसत नाही म्हणून. तर म्हणायचे..." आणि त्या थरथरत्या, गोड आवाजात गाऊ लागल्या:

"पुढचं देव बघतो, लेकरांनो,
तुम्ही मागचं सांभाळा,
कुठून निघालो ते सांभाळा."

दुसऱ्या ओळीला वर्डेलचा आवाज मिसळला. तिसरीला एल्वुडने यंत्र बंद केले. गॅरेज एखाद्या देवळासारखे भरून गेले. मग त्याने लोंबणारे अक्षर तळहाताने दाबून जागेवर बसवले. त्याला पडलेली सुरकुती मात्र राहिली.

प्रदर्शनात परीक्षकाने चष्मा सरकवला. "हे नाव पुस्तकात नाही."

"पुस्तकातल्या गाडीत माणसं तरी कुठं आहेत, साहेब?" एल्वुड म्हणाला.

फीत मिळाली नाही. घरी आल्यावर वर्डेलने पेटीतून एक फोटो काढला. वॅगनची मागची काच, तिच्यामागे दाटीने बसलेली, तोंड उघडून गाणारी पोरे. कडेला वेण्या घातलेली लहानगी ओडेसा. तो तिने माझ्या पानावर, त्या गाडीच्या चित्राशेजारी चिकटवला.

तेव्हापासून मी नीट मिटत नाही. मित्रांनो, जुनी वस्तू जपताना तिला नवी करायच्या आधी एवढे विचारा, की हिच्यावर कुणाचा हात फिरला आहे. मला आता वाऱ्याची वाट बघावी लागत नाही. माझ्या एका गाडीत माणसे बसली आहेत, आणि ती गात आहेत.