भाड्याचं मागचं टायर

ओविदिओ कुएयारचं तोंड मला सकाळी सकाळी बघायला नको असतं. पण त्याचं पंक्चरचं दुकान आमच्या तपासणी केंद्राच्या बरोब्बर समोर, रस्त्याच्या पलीकडे. मी शटर वर करते तेव्हा हा तिकडे पालथ्या बादलीवर बसून काळी कॉफी फुरकत असतो. "काय एदिल्मा मॅडम, आज किती जणांना रडवणार?" असं रोज विचारतो आणि स्वतःच हसतो.

कोलंबियातल्या आमच्या या पितालितो गावात मोटरसायकल नाही असं घर सापडायचं नाही, आणि जुनी झालेली प्रत्येक मोटरसायकल वर्षातून एकदा आमच्यासारख्या केंद्रात आणावीच लागते. प्रमाणपत्र नसेल तर पोलीस गाडी उचलून नेतात. ओविदिओ जगतो तो त्यावर. तुमचं टायर झिजून गोटा झालंय? हा तपासणीपुरतं चांगलं टायर भाड्यानं देतो. आरसे देतो, हॉर्न देतो, सायलेन्सरसुद्धा देतो. आमच्याकडे गाडी पास झाली की लोक रस्ता ओलांडतात, भाड्याचं टायर काढून देतात, आपलं गोटा टायर चढवतात आणि शीळ घालत घरी जातात. आणि नियम काय, तर माझ्यासमोर उभ्या असलेल्या गाडीला त्या घडीला जे लावलंय तेवढंच मी बघायचं. कुणाचं आहे, किती वेळासाठी आहे, हे विचारायचा मला अधिकार नाही. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. फक्त मी आंधळी नाही. मला कुत्रं चांगलं दिसतं, म्हणून जास्त जळफळाट होतो.

गेल्या मंगळवारी माझा धाकटा भाऊ अर्हेमिरो गाडी घेऊन आला. त्याच्या प्रमाणपत्राची मुदत गुरुवारी संपत होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार तो आईला त्या गाडीवरून डायलिसिसला आणतो. घर डोंगरापलीकडच्या वस्तीवर, रुग्णालय इथे, आणि मध्ये पेट्रोलपंपापाशी पोलीस कायम उभे. म्हणजे कागद नाही तर गाडी नाही, आणि गाडी नाही तर आईचं रक्त साफ व्हायचं नाही. हे मला कळत नव्हतं असं नाही. रुग्णालयात तिला जागा मिळवून दिली तीच मुळी मी, तीन महिने खेटे घालून.

पण गाडी! देवा रे. चेन इतकी ढिली की लोंबत होती. ब्रेकचे लायनर संपलेले. हँडलचे बेअरिंग खिळखिळे, हात लावला की खाडखाड आवाज. हेडलाइट झाडावरची माकडं शोधत असल्यासारखा वर. इंडिकेटर एकच, तोही मनात आलं तर लागणारा. आणि मागचं टायर? त्यावर नक्षी कधी होती हे सांगायला जुना फोटो आणावा लागला असता. मी सहा दोष लिहिले आणि नापासचा कागद त्याच्या हातात दिला.

"सख्ख्या भावाला?" तो रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला.

"सख्खा आहेस म्हणून नीट बघितली. परका असतास तर चार दोषांवरच थांबले असते."

"आणि शुक्रवारी पोलिसांनी गाडी उचलली तर आई काय उडत येईल रुग्णालयात?"

"हे टायर घसरलं तर उडतच जाईल," मी म्हणाले.

रांगेतले लोक हसले. मला तेव्हा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. अर्हेमिरो कानापर्यंत लाल झाला. "इन्स्पेक्टरबाई झालीस ना, आता आम्ही तुला माणसं दिसत नाही," म्हणाला आणि गाडी ढकलत निघून गेला. दुपारी मी आईला फोन केला. तिनं उचलला, माझा आवाज ऐकला आणि ठेवून दिला.

दोष दुरुस्त करून पुन्हा यायला पंधरा दिवस मिळतात. हा गुरुवारीच हजर. बेअरिंग नवे, लायनर नवे, चेन ताणलेली, हेडलाइट खाली, दोन्ही इंडिकेटर पेटतायत. मी मनात म्हटलं, चला, अक्कल आली. मग मागे गेले, खाली वाकले आणि डोक्यात तिडीक गेली. टायर छान होतं. भरपूर नक्षी, बोट रुतेल अशी. आणि डाव्या बाजूला कुत्र्यानं चावा घेतल्यासारखा अर्धा चंद्र तुटलेला. हे टायर मंगळवारी मी दूधवाल्याच्या गाडीला बघितलं होतं, बुधवारी शाळेतल्या मास्तरांच्या.

"हे टायर कुणाचं?"

"माझ्या गाडीला आहे ना? मग माझंच."

"अर्हेमिरो, तोंड सांभाळून बोल."

"विचारायचा अधिकार आहे का तुला?" तो हाताची घडी घालून उभा राहिला. "समोरच्यानं सांगितलंय मला, अधिकार नाही म्हणून. नियम ना? तुझाच नियम. चालव आता."

रस्त्यापलीकडून ओविदिओनं हात हलवला. मला वाटलं, तिथेच पाना उचलून मारावा, कुणाला ते नंतर ठरवता येईल. नापास करायला माझ्याकडे कारण नव्हतं. खोटं कारण लिहिलं असतं तर माझी नोकरी गेली असती, आणि दुसऱ्या दिवशी पोलिसांनी पंपापाशी गाडी उचलून आईला रस्त्यावर उभं केलं असतं. पास केलं तर तीच आई अर्ध्या तासानं गोटा झालेल्या टायरवर. काहीही केलं तरी माझ्याच हातून. गाडी रोलरवर चढवली, ब्रेक मोजले, दिवे मोजले. सगळं नियमात. मी 'पास'चं बटण दाबलं आणि कागद त्याच्या तोंडावर फेकला. तो त्यानं हवेतच झेलला.

जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडलाच नाही. रस्ता ओलांडून गेले. ओविदिओ गुडघे टेकून तेच टायर काढत होता, बाजूला अर्हेमिरोचं जुनं टायर पडलेलं, गुळगुळीत, उन्हात चकाकतंय.

"लाज नाही वाटत?" मी ओविदिओला म्हणाले. "तुझ्या टायरपायी एखादा मेला तर कुठे फेडशील?"

त्यानं वर न बघता लोखंडी पट्टी फिरवली. "माझ्या टायरवर आजवर कुणी मेलेलं नाही, मॅडम. माझं टायर एक नंबर आहे. लोक मरतात ते स्वतःच्या टायरवर."

अर्हेमिरो हसला. त्या हसण्यानं माझा उरलासुरला ताबा सुटला. मी केंद्रात जाऊन माझं हेल्मेट आणलं. तोवर जुनं टायर चढलं होतं. मी मागच्या सीटवर बसले.

"चल. मला घरी सोड, आईकडे."

"तुझी गाडी आहे की."

"तुझी पास झालीय ना? कागद आहे ना खिशात? मग चल. आईला नेतोस तसं मला ने."

"उतर, ताई. तमाशा करू नको."

"फाटली का?"

त्यानं किक मारली. गाव मागे पडलं. चढ चढताना मागचं चाक खडीवर दोनदा जागच्या जागी फिरलं. मी सीट घट्ट धरली, पण आवाज काढला नाही, त्याला तेवढं सुख द्यायचं नव्हतं. मनात भाषण तयार होत होतं. खिंडीच्या माथ्यावरून 'ला मुला' नावाचा उतार सुरू होतो. दीड किलोमीटर खडी, एका अंगाला दरड, दुसऱ्या अंगाला थेट ओढा. तिथे हा घाबरला की मी बोलणार होते, आणि जन्मभर पुरेल एवढं बोलणार होते.

माथ्यावर त्यानं गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं.

"उतर," म्हणाला.

"का? नाही ना हिंमत? मी सांगतच होते. माझ्याबरोबर नाही हिंमत, आणि आजारी आईला मागे बसवून..."

"इथून चालायचं असतं."

"म्हणजे?"

"म्हणजे पायानं. या टायरवर हा उतार कोण उतरेल? वेडा आहे का मी?" त्यानं हेल्मेट काढून हँडलला अडकवलं. "गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकायची, मी बाजूनं धरून चालतो. आई सीटला हात धरून चालते."

मला आधी नीट कळलंच नाही. "आई चालते? कधी चालते?"

"येताना. डायलिसिस करून येताना. जाताना हाच चढ असतो, तेव्हा बसते."

"अरे, त्यानंतर तिला उभं राहवत नाही! पाय थरथरतात तिचे!"

"थरथरतात. मध्ये दोनदा बसवतो. त्या वळणावर एकदा, आणि खाली फणसासारखा तो दगड आहे ना, तिथे."

"कधीपासून?"

"जानेवारी."

एप्रिल संपत आला होता. मी त्याला काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. नालायक म्हणाले, आईचा खुनी म्हणाले. तोंडाला कुलूप लावून बसलास, मला एक फोन करता आला नाही का, असं ओरडले. तो गाडीला टेकून ऐकत राहिला, पाऊस थांबायची वाट बघावी तसा.

"झालं?" तो म्हणाला. "तुला सांगून काय झालं असतं? तू कागद भरला असतास. त्या टायरकडे तू मंगळवारी दहा मिनिटं बघितलंस. मी रोज बघतोय. गोटा झालंय हे मला तुझ्याकडून कळायचंय का? आठवड्यातले तीन दिवस रुग्णालयात जातात, रविवार सोडला तर उरलेल्या तीन दिवसांत मळ्यावर कॉफी तोडून किती तोडणार? टायरसाठी पैसे बाजूला ठेवले होते. तू सहा दोष लिहून दिलेस. त्या पैशांत पाच झाले. सहावा राहिला, तो भाड्यानं आणला."

"मी दिलं असतं टायर."

"हो? मग मंगळवारी सगळ्यांसमोर का नाही म्हणालीस? तेव्हा तर विनोद सुचत होता."

मी उतरले. त्यानं गाडी गिअरमध्ये टाकली आणि आम्ही चालायला लागलो. नोकरीतले चांगले बूट होते माझ्या पायात, तरी खडीवरून पाय घसरत होता. आई रबरी चपला घालते. वळणावर मी थांबले, दम लागला म्हणून नाही. पुढे तो दगड आला. त्याच्यावर कुणीतरी पोत्याची घडी घालून ठेवली होती, बसायला. अर्हेमिरोनं तिकडे बघितलंही नाही. मी मात्र त्या पोत्याकडे बघत उभी राहिले, आणि मला जे रडू आलं ते त्याला दिसू नये म्हणून हेल्मेट परत डोक्यात घातलं.

आई पडवीत बसून शेंगा सोलत होती. मला बघून तिनं हात थांबवले नाहीत.

"झाली पास?" तिनं अर्हेमिरोला विचारलं.

"झाली."

"मग हिला कशाला आणलंस?"

"आई," मी म्हणाले, "तू 'ला मुला'चा उतार चालत उतरतेस. चार महिने. फोनवर रोज बोलतो आपण. एकदा तरी सांगायचं होतंस."

"तू विचारलंस?" तिनं शेंगेची साल भिरकावली. "रोज फोन करतेस. वजन किती, बीपी किती, मीठ खाल्लं का, डॉक्टर काय म्हणाले. मी सगळं सांगते. आई, तू घरी कशी पोचलीस, हे कधी विचारलंस? एकदा? मी वाट बघितली, हो. प्रत्येक फोनला बघितली. मग मंगळवारी हा घरी आला तो रडत. एवढा बाप्या माणूस. म्हणे ताईनं लोकांसमोर हसं केलं."

अर्हेमिरो गाडी घेऊन मागच्या अंगणात निघून गेला. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले, शेंगांची टोपली ओढून घ्यायला गेले, तर तिनं ती स्वतःकडे सरकवली. हात तिचे सुजलेले होते, सुईच्या जागी काळेनिळे. मी खिशातून फोन काढून तिथूनच केंद्रात कळवलं की आज मी परत येत नाही, आणि उद्याही कामावर येत नाही. साहेब काहीतरी बडबडले. मी ठेवून दिला.

"उद्या मी येते न्यायला," मी म्हणाले. "माझी गाडी घेऊन. आणायलाही मीच."

आईनं शेवटची शेंग सोलली, टोपली उचलली, भिंतीला धरून सावकाश उभी राहिली. मी हात पुढे केला, तो तिनं घेतला नाही.

"आम्ही पहाटे पाचला निघतो," ती म्हणाली. "आलीस तर ये. नाही आलीस तर थांबणार नाही. तुझी वाट बघून झाली माझी."